मध्ये सतरा इंच

— असा नाही, दोन्ही हातांनी उचला. आमच्या मुलाने एका हाताने उचलला होता, मग मनगटाला पट्टा बांधून फिरत होता. बघितलंत केवढा जड आहे? आधीच सांगते, नंतर म्हणू नका म्हातारीने फसवलं. मुलगा बजावून गेलाय — आई, लॅपटॉप बघायला माणूस येईल, नुसता दाखव, बोलू नकोस. आता नुसतं दाखवायला मी काय दुकानाची काच आहे? बसा. त्या खुर्चीत नको, ती सूनबाईची. हाही तिचाच. ऑफिसचं काम घरून करते, सकाळी या जेवणाच्या टेबलावर हा उघडते, आणि समोर मी — मटार सोलते, पेपर वाचते. आज तिला ऑफिसात बोलावलंय, एरवी तुम्हाला तीच भेटली असती.

तर दोष ऐका. कुठल्याही बॅगेत मावत नाही, चेन अर्ध्यावर अडते. बॅटरी नावाला — वायर काढली की तासाभरात मान टाकतो, म्हणून कायम भिंतीला जखडलेला. जेवायचं म्हटलं की आधी याला हलवा, मग ताटं मांडा. आतला पंखा घरघरतो. मांडीवर घ्याल तर उठताना पाय शोधावे लागतील — आणि तुम्ही मान कसली डोलावताय? इतकाही टाकाऊ नाही हो. अक्षरं बघा केवढी ठसठशीत — मी चष्मा नसताना वाचते, तेही पलीकडून वाकून — म्हणजे वाचत नाही, आपलं दिसतं. दोन कागद शेजारी शेजारी उघडतात. आकड्यांची बटणं उजवीकडे वेगळी, किती सोय. रोजच्या कामाला याच्यासारखा दुसरा नाही. तुम्ही मात्र घेऊ नका.

का म्हणजे? — चहा घेणार? नको? बरं. अहो, आधी तिच्याकडे छोटा होता. त्याच्यावरून मला तिचे डोळे दिसायचे आणि तिला माझे. मी शेंग सोलली की तिची नजर माझ्या हातावर, ती फोनवर हसली की माझी तिच्या तोंडावर. मी बोलायचे काहीच नाही, नुसती बघायचे. तेच वाईट, असं तिचं म्हणणं. घर इतकं गप्प की शेंग फुटलेली मुलाला आंघोळ करताना ऐकू यायची. मग हा आला. हा उघडला आणि सूनबाई गायब — मला दिसते याची पाठ आणि वर तिचा अंबाडा. पहिले काही दिवस मी याला इतकी नावं ठेवली. मग एकदा तिने चहात साखर कमी घातली म्हणून मी बसल्या जागी तिला वेडावून दाखवलं — हसू नका — तिला कळलंच नाही. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. तीही पलीकडून दाखवत असेल, मी कशाला चौकशी करू?

आणि एक दिवस, मटारच होते, पलीकडून आवाज आला — आई, तुम्ही हसत नाही ना, तेव्हा मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं. मी म्हटलं, अगं, माझा चेहराच तसा आहे, माझी आईसुद्धा घाबरायची. ती हसली. खूप हसली. मग मी म्हटलं, मलाही तुझी भीती वाटते, तुला सगळं येतं. असं तोंडावर बोलता येतं का कोणाला? मला नाही येत. पण मध्ये हा होता ना. तेव्हापासून रोज बोलतो आम्ही. मुलाला वाटतं, सूनबाई ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे.

आणि आता त्याच मुलाच्या डोक्यात आलंय, बायकोला वाढदिवसाला नाजूक काहीतरी द्यावं. पापडासारखा पातळ, तेरा इंची. ती म्हणाली, छान आहे. मग मी काय बोलणार? पण दुकानात मी त्याच्यासमोर बसून पाहिलं हो, नाकापर्यंत सगळं दिसतं. परत आम्ही एकमेकींना बघत बसू. भीती वाटते मला, खरंच वाटते. तिला नवीन हवाय आणि मी अशी आडवी येतेय, म्हणजे वाईट सासूच की नाही मी? सांगा तुम्ही. नका सांगू —

थांबा, फोन. तिचाच आहे. हं, बोल गं… हो, आलेत, समोरच बसलेत… नाही, अजून दिला नाही… काय सांगू? खराब आहे म्हणून सांगू? कोणाला, यांना? का गं, तुला तर नवीन हवा होता ना… त्याचं मन मोडू नये म्हणून?… मला वाटलं… अगं, मी मघापासून तेच सांगतेय यांना, घसा सुकला माझा… हो. हो गं. ठेव आता, तुझी मीटिंग असेल.

…काही नाही. रडत नाहीये, माझा चेहराच तसा आहे.

उठा तुम्ही. याला हात लावू नका, राहू दे तिथेच. मुलाचा फोन येईल, त्याला सांगा आवडला नाही. कारण विचारलं तर सांगा, फार मोठा आहे.