शेगडीचं झाकण

मुलाच्या फोनची वाट बघत शिंपीणबाई खाटकाच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे एका म्हाताऱ्या जोडप्याचं चाललं होतं.

“अहो, डुकराचा खांदाच घ्या. स्वस्त असतो, आणि मंद निखाऱ्यावर दुपारभर भाजला की लोण्यासारखा होतो.”

“मागे तर चामडं झालं होतं.”

“होणारच! घडोघडी शेगडीचं झाकण उचलून बघत होतात. धग राहील कशी?”

“राहवत नाही गं. रुसून गेलेली लेक आज येतेय. जेवून तरी जाईल ना?”

“मांस शिजू द्याल, तर जेवेल.”

“बरं, नाही उचलत... निघाली असेल का? फोन लावू?”

“सकाळपासून चारदा लावलात!”

“मग पाचवा तू लाव.”

“द्या इकडे तो फोन. ती दारात आली की मिळेल.”

शिंपीणबाईंनी आपलाही फोन हळूच पिशवीत, कांद्यांच्या खाली सारला.