ट्रेमधला गरम कागद

मंडळी, आज एकच सवाल टाकतो, अन् उत्तर घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही! दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली. आपण चोरली नाही, फेकली नाही — नुसती बाजूला ठेवली. पाप लागतं का? बोला की! ...बघा, माना हलल्या. म्हणता, "बुवा, यात कसलं आलंय पाप?" दिगंबर ओगल्यांचंही अगदी हेच म्हणणं होतं.

कोण हे ओगले? एका नगरपालिकेतले कारकून. जन्ममृत्यूचे दाखले देणारे. माणूस सज्जन हो! परक्याच्या काडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा.

तर त्या कचेरीत, व्हरांड्यात एक प्रिंटर, अन् समोर दाखल्यासाठी ताटकळणाऱ्यांचं एक बाकडं. सगळ्या खात्यांना मिळून तेवढा एकच! पाणीपट्टीवाले इकडून छापणार, बांधकामवाले तिकडून, अन् सगळ्यांचं पडणार एकाच ट्रेत. कुणाची वरात अन् कुणाच्या दारात! म्हणून तिथं एक रीत पडली होती. जो आधी जाईल त्यानं आपले कागद उचलायचे, परके खिडकीत दगडाखाली ठेवायचे. संध्याकाळपर्यंत धनी आला नाही, की तो कागद पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात. मागची बाजू कोरी असते ना, कच्च्या कामाला होते! काटकसर हो, दुसरं काय?

एक दिवस ओगल्यांच्या कागदांत एक परका कागद आला. वरच्या ओळीत 'रहिवासी दाखला' दिसलं. म्हणजे शेजारच्या रेखाताईंचं खातं. पुढं नाव कुणाचं? वाचलंच नाही! "आपलं नव्हे," म्हणाले, अन् ठेवला दगडाखाली.

दुसऱ्या दिवशी तोच कागद. पुन्हा दगडाखाली. तिसऱ्या दिवशी — पुन्हा! अन् मंडळी, बाकीचे कागद गार झालेले, हा एकटा गरम. तापातल्या माणसाच्या कपाळासारखा गरम! ओगल्यांनी बोटं झटकली.

"रेखाताई, तुमचा एकच दाखला किती वेळा छापता हो?"

"मी? एकदाच छापलाय, परवा. ट्रेत दिसला नाही, म्हटलं ज्याचा त्यानं नेला असेल. पुन्हा कशाला छापू?"

पखवाज जरा हळू वाजवा, दादा... हं.

मग एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले. कचेरीतले सगळे डबे घेऊन मागच्या चौकात गेले. ओगले एकटेच टेबलाशी. सकाळी छापलेल्या आपल्या दाखल्यांचा गठ्ठा जुळवत बसले होते. सगळीकडे सामसूम. अन् व्हरांड्यात — खर्र... खर्र...

वीज नाही हो! तरी प्रिंटर चालला!

ओगल्यांनी हातातला गठ्ठा टेबलावर ठेवला. उठून गेले. ट्रेत एकच कागद. तोच. गरम. अन् त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तो वाचला. सारजाबाई गणू लोखंडे, कुंभारवेस. कारण: नातवाची हृदयाची शस्त्रक्रिया, मोफत उपचारासाठी.

"सारजाबाई कोण?" त्यांनी हाक दिली.

"मी हाय, बाबा."

समोरच्या बाकड्यावर म्हातारी. डोईवर पदर, मांडीवर पिशवी. हीच का ती, रोज बसायची ती? ओगल्यांना आठवेना. रोज समोर बसलेलं माणूस, अन् चेहरा आठवेना! असं होतं का हो? होतं की! आपल्या दाराशी बसणाऱ्याचा चेहरा तुम्हाला तरी आठवतो का?

कागद पुढं केला. म्हातारीनं घेतला नाही.

"शिक्का ऱ्हायलाय, लेका. शिक्का मारून तूच घरी ने. माझ्यानं आता जाववत न्हाई."

ओगले धावले. रेखाताईंना डब्यावरून उठवलं. "शिक्का मारा आधी! सारजाबाई बाहेर थांबल्यात."

रेखाताईंचा घास हातातच राहिला. "ओगलेभाऊ, कोण थांबलंय? अहो, ती बाई तर गेली! तिच्या मृत्यूचा दाखला आज सकाळी तुम्हीच छापलात ना?"

ओगल्यांनी टेबलावरचा गठ्ठा उघडला. मंडळी, सगळ्यात वर तोच! स्वतः छापलेला, स्वतः जुळवलेला. नाव? वाचलंच नव्हतं.

बाकडं रिकामं होतं.

शिक्का मारून ओगल्यांनी सायकल काढली, ती थेट कुंभारवेशीत. दारात सारजाबाईचा लेक. आत खाटेवर पोरगं, ओठ निळसर. लेकानं कागद पाहिला अन् खालीच बसला.

"आई ह्याच कागदापायी हेलपाटे घालत व्हती, सायेब. जीव जाताना म्हनली, कागद मिळाल्याबिगर मी त्या बाकड्यावरनं उठायची न्हाई."

ओगले ढसाढसा रडले. पोराची शस्त्रक्रिया झाली. जगलं पोरगं! पण आजी? आजी आठवडाभर आधी जिवंत होती. कागदही तिथंच होता, ओगल्यांच्या हातात.

त्या दिवसापासून ओगले ट्रेतला प्रत्येक परका कागद उचलून व्हरांड्यात नाव पुकारतात. लोक हसतात. हसू देत! बाकड्यावरून कुणीतरी उठतं.

आता तुम्ही सांगा, पाप लागतं का? हलवा ना माना! आता का गप्प? मंडळी, देवाघरची वाटणीही अशीच एका ट्रेत पडते. एखाद्याची भाकरी, एखाद्याचा निरोप, एखाद्याचं औषध तुमच्या हाती येतं. "आपलं नव्हे" म्हणून खिडकीत ठेवू नका. वरचं नाव वाचा अन् हाक मारा. बसलेला माणूस ओ देतोय तोवर मारा! मेल्यावर ओ आली, तर ती ऐकायचं काळीज आहे का तुमच्याकडे?