चालवणाऱ्याचं नाव

नंदिनी : माह्या मोबाइलवरून, माह्या नावानं, कंपनीले उत्तर कोनं पाठवलं? एवढंच विचारून राह्यली मी.

रुपेश : मी पाठवलं. काय गुन्हा केला? आज उत्तर द्याचा शेवटचा दिवस होता. तू अंघोळीले गेलती, मेसेज आला, टाकून देल्लं. गाडी नको, भत्ता पाह्यजे.

नंदिनी : एरिया मॅनेजर मी झाली का तुम्ही? ठिबकच्या नळ्या विकत कारंज्यापासून आर्वीपर्यंत उन्हातान्हात कोन फिरलं, स्कुटीवर? आता कंपनी म्हणते, मॅडम, आमची गाडी घ्या, नाईतं गाडीसाठी दर महिन्याले पगारासंगं पैसे घ्या. मले विचारलं त्याइनं. मले!

रुपेश : अन् तू काय सांगितलं असतं? कंपनीची गाडी! अवं, ते आपली असते का कधी? नोकरी सुटली का गाडी वापस, अन् आपण पायी घरी. गाडीच्या दारावर नाव त्याइचं. कुठं गेली, कुठं थांबली, सारं नागपुरात बसून पाह्यते ते. भत्त्यातून हप्ता गेला तं गाडी आपल्या दारात, आपल्या नावावर. जरा डोकं लाव ना.

नंदिनी : आपल्या म्हणजे कोनाच्या?

रुपेश : आपल्या म्हणजे आपल्या. घराच्या.

मीराबाई : हळू बोला ना रे. तिकडं शेजारच्या गुलाबच्या घरापर्यंत आवाज जाऊन राह्यला.

नंदिनी : जाऊ द्या, आई. काल वर्ध्याच्या शोरूमातून मलेच फोन आला. म्हणे, रुपेश सरांची बुकिंग पक्की धरू का? मोठी, काळी गाडी. भत्ता माहा, अन् गाडी रुपेश सरांची.

रुपेश : म्हणजे तुले कालपासून मालूम हाय? अन् गुपचूप बसली?

नंदिनी : तुम्ही स्वतः सांगान म्हणून वाट पाह्यली. रातभर पाह्यली.

रुपेश : नाव माहं टाकलं तं आभाळ कोसळलं का? गाडी चालवतो कोन? मी. कंपनीची गाडी आली तं चालवनार मॅडम. अन् मी बाजूले बसून जाऊ सेलूच्या चौकातून? चार लोकं हसतीन.

नंदिनी : आलं ना पोटातलं ओठावर! भत्ता-बित्ता काही नाई. मले गाडी चालवू द्यायची नाई, बस.

रुपेश : फालतू बोलू नको. कधी नाई म्हटलं मी?

नंदिनी : हो, कधी म्हटलं? वर्ध्याच्या क्लासात पैसे भरून शिकली मी. लायसन्स काढलं. एक डाव तरी घरच्या गाडीची चावी देल्ली हातात? क्लच जळते, घासते, बाईमानसाच्या हातानं गाडी बिघडते. इतका मोठा भाव त्या गाडीले!

मीराबाई : जाऊ दे ना, बाई. त्याचा स्वभावच—

नंदिनी : स्वभाव? आई, माहे बाबा इथं जेवाले बसले होते, तो दिवस विसरल्या तुम्ही? हातातून वाटी पडली, तोंड वाकडं झालं. गाडी अंगनात उभी. मले चालवता येते. अन् चावी यांच्या खिशात! हे मोटरसायकलनं केळझरले, दोस्ताकडं जेवाले.

रुपेश : विसरलतो मी! खिशात राह्यली! किती डाव सांगू?

नंदिनी : अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन गेलती. रोडावर उभी राहून संत्र्याची मेटॅडोर थांबवली मी. खोक्यांच्या मधात निजवलं बाबाले, डोकं मांडीवर घेतलं. सेवाग्रामले पोचलो तं उजवा हात गेलता. डॉक्टर म्हणे, जरा आधी आनलं असतं, ताई. ज्या मानसानं जिंदगीभर दुकानाच्या पाट्या रंगवल्या, विहाराच्या भिंतीवर हातभर अक्षरं काढली, तो आता डाव्या हातानं चमचा धरते. अर्धा भात मांडीवर सांडते, अन् पोरीसमोर लाजते.

रुपेश : मले काय त्याचं वाईट वाटलं नाई का? दवाखान्यात रात्री कोन बसलं होतं?

नंदिनी : बसले होते तुम्ही. नाई म्हणत नाई मी. पन आई, तुम्ही सांगा. दुसरी चावी होती ना घरात? सारं कपाट उलथंपालथं केलं तुम्ही, म्हणे दिसतच नाई. तवापासून माह्या मनात गाठ हाय तुमच्याबद्दल. मानूस जमिनीवर पडलेला, अन् एक चावी सापडू नाई?

रुपेश : आईले काऊन मधात ओढून राह्यली? तिनं तं फोन करून विचारलं मले, देऊ का म्हणून! मीच म्हटलं देऊ नको, मी येतोच—

(नंदिनी रुपेशकडे वळते.)

नंदिनी : काय म्हटलं?

रुपेश : मले वाटलं, साधी चक्कर असन. मले काय सपन पडलं होतं, का…

नंदिनी : आई?

मीराबाई : चावी माह्या मुठीत होती, बाई. पोरगा नाई म्हणे, तू समोर रडून राह्यली. मी आपली कपाटात तोंड घालून लुगडी हलवत राह्यली.

रुपेश : आई, तू चूप बस!

मीराबाई : तवापासून चूपच हाय मी.

नंदिनी : तू… तिथं दोस्ताच्या पंगतीत बसून ठरवलं तू, का हिचा बाप पडला तं पडू दे, पन गाडीले हिचा हात लागू नाई!

रुपेश : तसं नाई! घाबरली होती तू. तसल्या हालतीत हायवेवर गाडी घातली असती, कुठं ठोकली असती—

नंदिनी : ठोकली असती तं मी ठोकली असती! माह्या बापाले घेऊन मी गेली असती! मोबाइल दे इकडं.

रुपेश : कोनाले लावून राह्यली? नंदिनी, रागात काही करू नको. बुकिंगचे पैसे वापस नाई भेटत.

नंदिनी : हॅलो, गजेंद्र सर? नंदिनी बोलतेय, सेलूहून.

गजेंद्र सर : हां, बोला मॅडम. उत्तर मिळालं तुमचं. भत्ता ना? संध्याकाळी पाठवतो पुढे.

नंदिनी : सर, ते उत्तर मी दिलं नव्हतं. मला कंपनीची गाडी हवी आहे.

गजेंद्र सर : अरे! विचार करा हां. पुष्कळ लोक भत्ता घेतात. आणि एकदा लिहून गेलं की मला नंतर बदलता येणार नाही. घरी बोललात का?

नंदिनी : हो सर. आत्ताच बोलणं झालं.

गजेंद्र सर : बरं. चालवणारे म्हणून तुमचं नाव टाकतो. मिस्टरांचंही टाकायचं असेल तर खास परवानगी मिळते, मी बोलून ठेवीन.

नंदिनी : नको सर. माझं एकटीचं टाका.

गजेंद्र सर : ठीक आहे. अभिनंदन, मॅडम.

रुपेश : झालं? पडली थंडक?

नंदिनी : नाई.

रुपेश : आता ही बॅग काऊन काढली?

नंदिनी : बाबाकडं चालली. सिंदीले.

मीराबाई : मी येऊ का संगं? पाया पडतो त्याइच्या.

नंदिनी : आज नको, आई. आज मले तुमच्याशी बोलता येनार नाई.

मीराबाई : रुपेश, तिले चावी दे.

रुपेश : घे. जा घेऊन गाडी. मी काही म्हणत नाई.

नंदिनी : ठेव तुह्याजवळ. आता घाई नाई कोनाले.

मीराबाई : ऊन किती हाय, बाई. अन् बस कवा येते, काय भरोसा.

नंदिनी : येते बस थोड्या वेळानं. उभी राह्यतो मी थांब्यावर.