पोटातला आवाज

चाळिशीत मी कराटे शिकायला गेले ना, तेव्हा हात-पाय लवकर वळले, आवाज मात्र काही निघेना. सेलूला पत्र्याच्या शेडमध्ये आमचा क्लास भरायचा. ठोसा मारताना ओरडायचं असतं, पण माझं ओरडणं शेजारच्या बाईलासुद्धा ऐकू जायचं नाही. पट्ट्याची परीक्षा चार दिवसांवर आली, तरी सर तेच सांगत होते, "ताई, गळ्यातून नको, पोटातून."

आपल्या लेकीला क्लासला सोडायला येणाऱ्या सखूबाई मेंढरं राखायच्या. त्या दिवशी त्या उठून माझ्याजवळच आल्या. "गळ्यातून वरडल्यावर मेंढरं वळून बी बघत न्हाईत. पोट आवळा आन् मग दम सोडा." त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. "हं, आता."

मी ओरडले. पत्रे घुमले, सगळा क्लास थांबून बघायला लागला. मी घाईघाईनं म्हणाले, "सॉरी, सॉरी!"

"ताई, तुमी माफी कुणाची मागायलाव?" सखूबाईंनी विचारलं.

मी आठवून बघितलं. 'हळू बोल' असं मला कुणी कधी रागावून सांगितलंच नव्हतं. ते मी आपलं आपणच शिकले होते.

चार दिवसांनी परीक्षेत तशीच ओरडले, आणि या वेळी सॉरी न म्हणता तशीच ताठ उभी राहिले.