सुमनअक्कांच्या चुलीचा धूर

पुढे या, दादा. इथे सतरंजी रिकामी आहे. ताई, तुम्हीही या, पंख्याखाली बसा. अक्कांच्या शोकसभेला एवढी माणसं येतील असं विहाराच्या मंडळींनाही वाटलं नव्हतं. बाहेर चपलांचा ढीग लागलाय. यातली निम्मी माणसं अक्कांच्या हातचं जेवलेली आहेत.

मी यशवंत पाटील. अमळनेरचा. इथे जळगावात औद्योगिक वसाहतीतल्या एका चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बायको-मुलं गावाला, मी आठवडाभर इथे खोली करून राहतो. म्हणजे माझं रोजचं जेवण सुमनअक्का भालेराव यांच्या खानावळीत. वर्षानुवर्षं. मला भाषण येत नाही. आणि आज तर रडू कमी येतंय, राग जास्त येतोय. अक्कांच्या मुलीला, उज्ज्वलाला, मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "काका, मग रागानेच बोला. गोड बोलणारे खूप येऊन गेले."

तर रागाने बोलतो. कोणाला लागलं तर लागू द्या.

सकाळपासून मी एकच वाक्य ऐकतोय. "काय करणार, युद्धामुळे झालं." अहो, काय युद्धामुळे झालं? युद्ध कुठे, जळगाव कुठे? तिकडून एक तरी गोळी इकडे आली का? आलं काय, ते मी सांगतो.

लढाई सुरू झाली त्या दिवशी खानावळीतला टीव्ही चालू होता. अक्कांचा मुलगा संदीप तिकडे आखातात एसी बसवायच्या कामाला. अक्का परातीतले हात तसेच ठेवून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "यशवंतभाऊ, ते बॉम्ब पडनात ते गाव आनि मना संदीपनं गाव, कितलं दूर शे?" मी मोबाईलवर नकाशा काढला. म्हटलं, खूप दूर आहे. "दूर म्हंजे? आठेतून धुळं इतलं?" म्हटलं, "धुळ्यापेक्षा खूप लांब, अक्का." म्हणाल्या, "मंग ठीक शे." आणि भाकरी थापायला गेल्या. संध्याकाळी संदीपचा फोन आला की काचा हादरतात, झोप येत नाही. त्यानंतर अक्कांनी खानावळीतला टीव्ही काढून टाकला. कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवला. लोक ओरडले, बातम्या बघू द्या म्हणाले. अक्का म्हणाल्या, "बातम्या घरी देखा. आठे जेवा."

मग हळूहळू एकेक गोष्ट यायला लागली. आमच्या चटयांना लागणारा प्लास्टिकचा दाणा महागला, कारण तेल महागलं. तयार चटयांचे कंटेनर बंदरात अडकले, कारण जहाजं त्या समुद्रातून जाईनात. मालकाने पाळ्या कमी केल्या. उत्तर प्रदेशची, बिहारची पोरं पिशव्या घेऊन स्टेशनवर जायला लागली. रावेरकडची केळी परदेशी जायची ती इथेच पडून राहिली. अक्कांनी प्रत्येक ताटात एक केळं ठेवायला सुरुवात केली. आम्ही खूश. युद्धाने आम्हाला केळं खायला घातलं, असा विनोदही कोणीतरी केला. मीही हसलो असेन.

आणि मग गॅस थांबला. खानावळीच्या मोठ्या टाक्या येईनात. एजन्सीवाला म्हणे, वरूनच नाही. वरच्याला विचारलं तर तो म्हणे, जहाजच नाही. कोणाशी भांडणार तुम्ही? जहाजाशी? धुळ्याला माझा साडू महामार्गावर धाबा चालवतो. त्याने सरळ कुलूप लावलं. मी अक्कांना म्हटलं, तुम्हीही लावा. महिनाभर मुलीकडे आराम करा.

अक्का म्हणाल्या, "आनि तुम्ही काय खासात?"

"आम्ही वडापाव खाऊ, अक्का."

"वडापाव काय हवावर तळतस का? त्याले गॅस नही लागत?"



दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात विटा आणि माती घेऊन बसल्या. स्वतः चूल घातली. मोठी, दोन तोंडांची. एरंडोलकडच्या त्यांच्या गावाहून टेम्पोभर पऱ्हाट्या आल्या. कपाशीची वाळलेली झाडं. भसकन पेटतात, भसकन विझतात. सारखं समोर बसून आत सारावं लागतं. वर पत्र्याचं छप्पर, तिन्ही बाजूंनी भिंती. धूर जाणार कुठे? मी म्हटलं, एक पत्रा तरी काढा. म्हणाल्या, "पानी पडनं ते?" अहो, उन्हाळ्यात कुठलं पाणी! पण अक्कांना पटवायचं म्हणजे भिंतीला पटवणं. आज त्या नाहीत म्हणून मी खोटं बोलणार नाही. त्या हट्टी होत्या. मला त्यांचाही राग आलेला आहे.

त्याच दिवसांत आमच्याकडे ते दुसरं सुरू झालं. तुम्हाला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतोय. चौकात बॅनर लागले. कोणी या देशाच्या बाजूने, कोणी त्या देशाच्या. ज्यांनी कधी भुसावळच्या पुढे प्रवास केला नाही, ते रोज सकाळी मोबाईलवर युद्ध जिंकायला लागले. आमच्या कारखान्यातला लूम मेकॅनिक सलीम आणि पॅकिंगचा दिनेश, दोघंही इथे बसले आहेत. नाव घेतलं तर चालेल का रे? घेतोच. एकाच बाकावर जेवणारी ही माणसं. एका दुपारी असे भांडले, की ताट कलंडलं. भाजी सलीमच्या सदऱ्यावर. एकमेकांच्या गावाचा, घराचा, धर्माचा उद्धार सुरू झाला. तिकडचे लोक यांना ओळखत नाहीत, यांनी त्यांना कधी पाहिलं नाही.

अक्का पदराने डोळे पुसत मागून आल्या. धुराने डोळे लाल झालेले. आधी कलंडलेलं ताट उचललं. मग म्हणाल्या, "आठे कसाले भांडतस? इतला जोर शे ना अंगमा? चला मांगे. बठ्ठी लाकडं पडेल शेत."

आणि दोघांना मागे नेलं. कुऱ्हाड दिली. बाभळीचे ओंडके होते, ते फोडायला लावले. दोघं एकमेकांशी न बोलता फोडत होते आणि अक्का भाकरी शेकता शेकता सांगत होत्या, बारीक कर, ते मोठं राहिलं. मग हे रोजचंच झालं. तुम्हाला वाटेल त्यांची समजूत पटली. काही पटली नाही. आजही पटलेली नाही. लाकडं फोडतानाही वाद चालायचा. पण लाकडं फुटायची.

इथपर्यंत मी तुम्हाला राग न येता सांगू शकतो. पुढचं ऐका.

एक जण आला. शहरातला. मोबाईल काठीवर लावून. त्याने चुलीचा व्हिडिओ काढला. अक्का खोकत होत्या, तो म्हणे, "मावशी, खोकू नका, आवाज येतो." मागे बासरी लावली आणि लिहिलं, चुलीवरची अस्सल खानदेशी चव. दोन दिवसांत गाड्या यायला लागल्या. रिंग रोडवरून, कॉलन्यांमधून. माणसं खाटेवर बसायची, कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, शेवभाजी. बोटं चाटायची आणि म्हणायची, वा, या धुराचा जो वास येतो ना भाकरीला!

अहो, तो वास तुमच्या भाकरीला येत होता. तिच्या छातीत काय चाललं होतं?

तुमच्यापैकी काही जण तेव्हा आले होते. मी तोंडं ओळखतो. तुम्ही वाईट माणसं नाही. पैसे दिले, कौतुक केलं, मावशींबरोबर फोटो काढला. एका पुढाऱ्यानेही काढला. म्हणे, गॅस नसला तरी आपली माणसं अडत नाहीत, हीच आपली ताकद. टाळ्या झाल्या. त्याच्या बंगल्यावर गॅस होता की नाही, हे कोणी विचारलं नाही.

आणि अक्का? खरं सांगायचं तर अक्कांनाही ते आवडलं. जन्मभर मजुरांना जेवायला घातलं, कधी कोणी वा म्हटलं नव्हतं. गाडीतून उतरलेली बाई हात धरून म्हणते, मावशी, माझ्या आईची आठवण झाली. कोणाला नाही आवडणार? कारखान्यांतली गिऱ्हाइकं घटली होती, ती जागा भरून निघाली. दुपटीने भरली. दुपटीने भाकरी, दुपटीने धूर.

उज्ज्वला औषधांच्या दुकानात काम करते. ती आईला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुरापाशी बसायचं नाही. अक्कांनी औषध आणलं, तोंडाला ओला फडका बांधला आणि पुन्हा चुलीपुढे बसल्या. उज्ज्वला भांडली, रडली, दोन वेळा चुलीत पाणी ओतलं. मी समजावलं. सलीमने समजावलं. दिनेशने तर भाकरी करून दाखवली, की आम्ही करतो, तुम्ही बाहेर बसा. त्या भाकरीचा नकाशा बघून अक्का इतक्या हसल्या, की खोकला थांबेना.

एकदा मी चिडलो. म्हटलं, "अक्का, कोणासाठी चाललंय हे? घरी बसा ना!"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरमा बसीसन काय करू, भाऊ? तो टीव्ही देखू का?"

तेव्हा मला कळलं. संदीपकडून येणारी विमानं बंद झाली होती. फोन कधी लागायचा, कधी नाही. हात रिकामे झाले की तिला ते सगळं दिसायचं. चुलीसमोर बसलं की नुसता धूर दिसायचा. 

भर दुपारी, पंगत चालू असताना पडल्या. सलीमने रिक्षा आणली, दिनेशने उचललं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी जरा बरं वाटलं तेव्हा मला आत सोडलं. मास्क बाजूला करून विचारलं, "भाऊ, ती लढाई सरनी का?"

म्हटलं, "अजून नाही, अक्का. बोलणी चालू आहेत."

त्या हसल्या. म्हणाल्या, "बोलनी! आठे आम्ही खोकलतस, तठे त्या बोलतस."

माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं हेच. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मग सांगा, कोणी मारलं अक्कांना? ज्यांनी लढाई सुरू केली त्यांना सुमन भालेराव हे नाव कधी कळणार नाही. त्यांच्या हिशोबात ही बाई कुठेच नाही. जहाजवाला म्हणेल, माझा काय दोष. एजन्सीवाला म्हणेल, माझा काय दोष. व्हिडिओवाला म्हणेल, मी तर धंदा वाढवला. प्रत्येक जण बरोबर आहे. याचाच मला संताप येतो. सगळे बरोबर आहेत आणि एक बाई धुरात गुदमरून गेली.

संदीपला येता आलं नाही. विमान मिळालं नाही. तो आत्ता उज्ज्वलाच्या हातातल्या त्या फोनवर आहे, सगळं ऐकतोय. संदीप, तुझी बहीण सगळं नीट करतेय. तुला आलेला राग मला माहीत आहे. इथेही तोच आहे.

आता शेवटचं सांगतो. काल सकाळी उज्ज्वलाने ती चूल फोडली. ज्या कुऱ्हाडीने लाकडं फोडली तिच्या पाठीने तिने एकेक वीट मोकळी केली. मी तिथे होतो. मदत करू का विचारलं, तर नको म्हणाली. लोक जमले. कोणी म्हणालं, अगं, आईची आठवण आहे ती. कोणी म्हणालं, चालता धंदा आहे, आईचं नाव चालव. एका बाईने तर विचारलं, निदान रविवारी तरी भाकरी मिळेल का?

उज्ज्वला विटा मोकळ्या करत राहिली. उत्तर मी देतो. नाही मिळणार. खानावळ बंद आहे. तिचं दुकानातलं काम आहे, ती ते करेल. पुढे काय करायचं ते भावाशी बोलून ठरवेल. तिला आईच्या नावाने परत त्या जागी बसवू नका. जाता जाता मायेने विचारतो म्हणूनसुद्धा विचारू नका.

माझं संपलं. मी जास्त बोललो असेन. अक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, बस झालं भाऊ, भाकरी थंड व्हयनी.

आता सगळे उभे राहू या. मोबाईल खिशात ठेवा, फोटो कोणी काढू नका. मनातल्या मनात अक्कांना जयभीम करा, नमस्कार करा, सलाम करा, ज्याला जे येतं ते.

उज्ज्वला, फोन जरा वर धर.

संदीप, आता आवाज येणार नाही. फोन कट झाला असं समजू नको. आम्ही सगळे इथेच उभे आहोत.