दार अडवलं की राखलं

बेल्सफोर्ड पोलीस ठाणे
जबाब

मी, लूशियस एमरी गॅड्सडेन, वय अडुसष्ट वर्षे, धंदा – पूर्वी शहर बसचा चालक, आता निवृत्त, तसेच माउंट निबो चर्चचा डीकन म्हणजे मानाचा सेवक, राहणार कॉटनवुड गल्ली, बेल्सफोर्ड, आज समक्ष ठाण्यात हजर राहून जबाब देतो तो असा की,

जबाब देतेवेळी माझा उजवा गाल गुळगुळीत असून डाव्या गालावर चार दिवसांची दाढी आहे. ही गोष्ट सर्वांत आधी लिहावी असा माझा आग्रह आहे. लिहून घेणारे सार्जंट टॉलिव्हर म्हणाले, "काका, त्याचा इथे काय संबंध?" मी म्हटलं, सगळा संबंध त्याचाच आहे, लिहा.

ज्युनियस पेटवे, वय चौतीस, हा माझा सख्खा भाचा, माझी बहीण व्हर्ना हिचा मुलगा. तरुणपणी त्याने दुसऱ्यांच्या मोटारी पळवल्या. त्याची बरीचशी शिक्षा त्याने भोगली. राहिलेल्या शिक्षेच्या काळात तो सध्या पॅरोलवर, म्हणजे अटींवर, बाहेर आहे. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्या वेळी मीच त्याला सगळ्यांत जास्त बोललो होतो.

आत असताना तो तुरुंगाच्या शाळेत न्हावीकाम शिकला. आमच्या राज्यात परवान्याशिवाय कुणाच्या डोक्याला कात्री लावता येत नाही. शिकण्याचे ठरलेले तास त्याने भरले, लेखी परीक्षा पास केली, तरी न्हावी मंडळाने त्याला दोनदा परत पाठवलं. कारण दिलं की अर्जदाराचं चारित्र्य चांगलं नाही. म्हणजे सरकारनेच शिकवायचं आणि सरकारनेच नको म्हणायचं! तिसऱ्या वेळी मी मंडळापुढे उभा राहून त्याच्यासाठी बोललो, तेव्हा त्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसू दिलं. एकदाच. सार्जंट म्हणाले, मंडळावरची टीका गाळू का? मी म्हटलं, गाळू नका.

परीक्षेला प्रत्येकाने आपलं गिऱ्हाईक घेऊन जायचं असतं आणि त्याची दाढी वाढलेली असावी लागते. म्हणून मी रविवारी चर्चमध्ये तसाच गेलो. सिस्टर लुएला सगळ्यांसमोर म्हणाली, "डीकन, वस्तरा विकून खाल्लात की काय?" मी ऐकून घेतलं. भाच्यासाठी माणूस काय काय ऐकून घेतो.

आज सकाळी तंत्रशाळेच्या हॉलमध्ये परीक्षा सुरू झाली. परीक्षक मिसेस ओडेसा थ्रॅशर. या बाई स्वतःच्या आईलाही नापास करतील अशी त्यांची ख्याती आहे. बोलायचं नाही, टेबल सोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. ज्युनियसची खुर्ची दाराच्या सगळ्यांत जवळ होती. त्याने माझे केस कापले, उत्तम कापले. मग गरम टॉवेल, फेस आणि उजवा गाल. तिथपर्यंत सर्व ठीक होतं.

शेजारच्या खुर्चीवर केलीन नावाची मुलगी आपल्या वडिलांची दाढी करून आवराआवर करत होती. वडिलांचं नाव विल्बर. मी तिला दबक्या आवाजात "अगं बाई, पातं कुठे गेलं?" असं म्हणताना ऐकलं. तिच्या हातात नुसता वस्तरा होता, त्यात पातं नव्हतं. विल्बर उठून सिगारेट ओढायला दाराकडे निघाला होता. मानेवरच्या ओल्या टॉवेलचं टोक धरून तो मान पुसणारच होता.

त्याच क्षणी ज्युनियसने आपला वस्तरा मिटून माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवला, जाऊन दारात उभा राहिला, दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरले आणि ओरडला, "मोजणी कमी! कुणी हलू नका! कशालाही हात लावू नका!"

विल्बर जागच्या जागी थिजला. टॉवेलचं टोक त्याच्या हातातच राहिलं.

हॉलची व्यवस्था पाहणाऱ्या मिस ब्रेंट यांनी लगेच पोलिसांना फोन केला. त्या जे बोलल्या ते मी कानांनी ऐकलं: "तुरुंगातून सुटलेला माणूस वस्तरा घेऊन दारात उभा आहे, आम्हाला कोंडलंय!" हे धादांत खोटं आहे. वस्तरा माझ्या नाकासमोर टेबलावर होता. माझी अर्धी दाढी राहिलेली, मी दुसरीकडे बघेन कशाला?

पोलीस आले ते पिस्तुलं काढूनच आले. ज्युनियसचे तळहात आधीच उघडे होते. तो एवढंच म्हणाला, "साहेब, एक पातं हरवलंय. आधी ते शोधा, मग मला न्या." एका तरुण शिपायाने विल्बरच्या मानेवरचा टॉवेल हळूच उचलून झटकला. पातं फरशीवर टणकन पडलं. ते टॉवेलच्या घडीत रुतलं होतं. विल्बर मटकन खाली बसला आणि स्वतःची मान चाचपत राहिला. केलीन रडायला लागली.

मला वाटलं, आता मिटलं. पण तक्रार नोंदली गेली होती आणि माणूस पॅरोलवरचा, म्हणून त्याला ठाण्यात आणलं. त्याचं सामान पिशवीत सील केलं. माणसं कोंडून ठेवली असं ठरलं, तर तो पुन्हा आत जाणार. आणि टेबल सोडलं म्हणून परीक्षा तर गेलीच. पोलिसांच्या गाडीत तो मला म्हणाला, "मामा, पुन्हा वाटोळं झालं माझं." मी म्हटलं, "गप रे! माझा अर्धा गाल राहिलाय, त्याचं काय ते बोल." पण मी मनातून घाबरलो होतो. हेही लिहा. व्हर्नाला काय तोंड दाखवू, हाच विचार होता. तो पास होणार म्हणून तिने सकाळपासून मासे तळायला घेतले होते.

ठाण्यात त्याला नाव, वय, धंदा विचारला. धंदा विचारल्यावर तो म्हणाला, "काही नाही." पोलिसांच्या प्रत्येक कागदावर त्याच्या नावापुढे आजवर हेच लिहिलेलं आहे.

त्याने दार का राखलं, असं सार्जंट साहेबांनी मला विचारलं. त्याचा खुलासा मी करतो, कारण ज्युनियसने हे मला पूर्वी सांगितलेलं आहे. तुरुंगातल्या न्हावीशाळेत भिंतीवर एक फळी असते. तिच्यावर प्रत्येक कात्रीचा, प्रत्येक वस्तऱ्याचा आकार रंगवलेला असतो आणि ज्याची त्याची जागा ठरलेली असते. एखादा आकार रिकामा दिसला की मोजणी कमी. मग दाराजवळच्या माणसाने दारात उभं राहायचं, बाकीच्यांनी हात उघडे करून जिथल्या तिथे थांबायचं, वस्तू सापडेपर्यंत. हरवलेलं पातं कुणाच्या तरी गळ्यालाच सापडतं, असं तिथे म्हणतात. आज दाराजवळची खुर्ची त्याची होती. त्याने विचार केलाच नाही, पाय आपोआप गेले. बाहेरचा शहाणा माणूस परीक्षा सोडून असं करणार नाही हे मला कबूल आहे. बाहेरच्या शहाण्या माणसाने विल्बरला मान पुसू दिली असती.

एवढं सांगून होतंय तोच मिसेस थ्रॅशर ठाण्यात आल्या. पुढचं संभाषण माझ्यासमोर झालं.

बाई म्हणाल्या, "माझा परीक्षार्थी कुठाय?"

सार्जंट म्हणाले, "बाई, तो टेबल सोडून गेला ना? मग नापासच की."

"नापास कोण ते मी ठरवते. धोका दिसला की हातातलं काम ठेवून सगळ्यांना सांगायचं, हा माझा पहिला नियम. टेबलाचा नियम त्याच्या खालचा. आज त्या हॉलमध्ये पहिला नियम याने एकट्याने पाळला. मीसुद्धा मान खाली घालून कागदावर गुण मांडत बसले होते." नंतर त्या ज्युनियसकडे वळल्या. "तुझी परीक्षा थांबली आहे, संपलेली नाही. तोच माणूस, तीच दाढी आणि आजचाच दिवस हवा. हॉल आता बंद झालाय."

मी म्हटलं, "दाढी हजर आहे, बाई."

बाईंनी बोटांचे ठसे घेण्याच्या खोलीत डोकावून पाहिलं. गरम पाण्याचा नळ, धुता येईल अशी फरशी, डोळे दिपतील असा उजेड. म्हणाल्या, "इथे चालेल."

सार्जंट टॉलिव्हर खुर्चीतून उठलेच. "बाई, पोलीस ठाण्यात? पॅरोलवरच्या माणसाच्या हातात वस्तरा?"

"मग तुमच्या हाताने द्या आणि समोर उभे राहा. की भीती वाटते?"

साहेबांनी पिशवीचं सील फोडलं आणि मिटलेला वस्तरा मुठीकडून ज्युनियसच्या पुढे धरला. साहेब म्हणतात, हे लिहायची गरज नाही. मी सही करणार असेन तर हे लिहिलंच पाहिजे.

(साक्षीदाराच्या तोंडाला फेस लावल्यामुळे येथे जबाब थांबवला. – टॉलिव्हर)

(जबाब पुढे सुरू.) ज्युनियसने हात धुतले, सगळं सामान पुन्हा औषधात बुडवून काढलं, नवं पातं घातलं. वस्तरा माझ्या गालापासून लांब धरून त्याने पातं नीट बसलंय का ते उजेडात पाहिलं. मग त्याने डावा गाल केला, हनुवटी केली, शेवटी म्हणाला, "मामा, मान वर." मी मान वर केली. भोवती पोलीस, माझा गळा त्याच्या वस्तऱ्याखाली, आणि मला चक्क झोप येत होती. कुठेही कापलं नाही. साहेबांनी जवळ येऊन खात्री केली आहे.

काम झाल्यावर त्याने एकेक वस्तू पुसून टॉवेलवर ओळीने मांडली. मग तळहात उघडे करून मागे सरकला आणि उभा राहिला. बाईंनी सांगितलं, "झालं, जा आता." तरी हलेना. सार्जंट टॉलिव्हर यांनी टॉवेलवर नजर फिरवली. बोटाने एकेक वस्तू मोजली आणि मोठ्याने म्हणाले, "मोजणी पूर्ण." तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतले.

मिसेस थ्रॅशर म्हणाल्या, "परवाना टपालाने येईल. निकाल मात्र मी आत्ताच सांगते. पास." मी मोठ्याने "हालेलुया!" म्हटलं. चर्चमध्ये मी इतक्या मोठ्याने म्हणत नाही. तो तरुण शिपाई टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच. ज्युनियसने टॉवेलात तोंड खुपसलं. टॉवेल आधी झटकून पाहिला होता, हे मी पाहिलं.

कुणी कोंडलं असं विल्बर आणि त्याची मुलगी दोघेही म्हणत नाहीत. ती दोघं बाहेर बाकावर बसली असून त्यांचे जबाब वेगळे घ्यावेत; ते झाले की कोंडल्याची तक्रार बंद होईल, असं साहेब म्हणाले. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मिस ब्रेंट यांच्याविरुद्धही नाही, घाबरलेलं माणूस काहीही बोलतं.

वरील मजकूर सार्जंट साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो आहे. फक्त एके ठिकाणी "दार अडवलं" असं लिहिलेलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि "दार राखलं" असं करून घेतलं. त्या खाडाखोडीवर साहेबांनी स्वतःची सही केली.

सही करण्यापूर्वी आणखी एक दुरुस्ती सांगतो. ठाण्याच्या नोंदीत ज्युनियसच्या नावापुढे धंदा "काही नाही" असा लिहिला आहे. तो बदलून "परवानाधारक न्हावी" करावा, अशी माझी मागणी आहे. साहेब म्हणाले, परवाना हातात आल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. मी म्हटलं, मग मी सही करत नाही, रात्रभर इथेच बसतो, माझी दाढी छान झालेली आहे. त्यावर साहेबांनी "काही नाही"वर काट मारली आणि वर जे लिहिलं, ते ज्युनियसने दोनदा वाचलं.

सही: लूशियस ई. गॅड्सडेन

समक्ष: सार्जंट टॉलिव्हर

दुरुस्त केलेली नोंद: ज्युनियस पेटवे, वय चौतीस, धंदा – न्हावी. परवाना वाटेवर आहे.