दाखल्यावरची शिवकन्या

पोहण्याच्या शर्यतीची नावं घ्यायच्या खिडकीसमोर रहेमतबी नातीचे कागद घेऊन उभी होती. तिच्या पुढं चौसाळ्याचं एक जोडपं, मधे त्यांची पोरगी शिवकन्या. खिडकीतल्या बाबूनं तिचा शाळेचा दाखला नुकताच परत केला, अन् नवरा-बायकोची जुंपली.

"चौदाच्या आत बसत न्हाई म्हणं! अवो, दिवाळीतलं लेकरू हे, एक जून कुठून आली?"

"गुरुजींनी टाकली. वर्गात निम्म्यांची एक जूनच हाय."

"तारीख टाकली, पर वरीस? दीड वर्सानं मोठी केली की पोरगी!"

"साळंत लवकर बसावी म्हून म्याच सांगितलं. चुकलं का?"

"त्या सतराच्या गटातल्या पोरी बघा. खांद्याला तुमच्या बरुबर हायेत. त्यांच्यासंगं पोहायचं व्हय हिनं?"

"हिरीत पोहती तशी पोहंल. हळू बोल, लोक ऐकायलेत."

"ऐकू द्या! तारीख खोटी हाय म्हून सांगा सायबाला."

"येडी हायस का? राहू दे तसंच. दाखल्यावर अठरा लवकर भरतेत. वडगावचे पाव्हणे आत्ताच मागणी घालायलेत."

संगीतानं, म्हणजे पोरीच्या आईनं, लेकीला जवळ ओढलं. बोलली ती पोरगी.

"पप्पा, मोठ्या पोरींसंगं पोहते मी. हरले तरी चालंल. पर पाव्हण्यांना माझं खरं वय सांगायचं."

खिडकीतून हात बाहेर आला.

"सतरात टाकू का? लवकर बोला, मागं रांग हाय."

बापाच्या हातातला दाखला काही पुढं होईना.